कमी दाब आणि माझी जाऊ

आमचं गाव समुद्राच्या किनाऱ्यावर आहे, असं एका कागदावर लिहिलेलं होतं. मी समुद्र टीव्हीवर पाहिला आहे. गावातल्या बाकीच्यांनीही तिथंच पाहिला असेल. आमच्याकडून समुद्रावर जायचं तर नागभीडला रेल्वेत बसायचं आणि पुढे किती गाड्या बदलायच्या ते मला सांगता येणार नाही, कारण आमच्यातलं कोणी गेलंच नाही.

झालं ते असं. एका मोठ्या संस्थेचा फॉर्म पंचायतीत आला. त्यात प्रश्न होता, गाव किनाऱ्यावर आहे काय? ज्यानं तो भरला त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं असेल. बाहेर वैनगंगा. त्यानं 'होय' लिहिलं. गावातले लोक मासेमारी करतात काय? आम्ही ढिवर, डोंगा म्हणजे होडी हाकायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. 'होय' लिहिलं. पाण्यामुळे गावाला धोका आहे काय? तिथंही 'होय'. फॉर्ममध्ये खोटं एक अक्षर नव्हतं. तरी त्यानं गाव उचललं आणि समुद्रावर नेऊन ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात एक पांढरी गाडी आली. त्यातून एक बाई उतरली, वय पंचविशीच्या आसपास. कोकणाकडची होती. बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि म्हाताऱ्या दिसतील तितक्यांना 'आजी' म्हणत होती. आमच्याकडे म्हातारीला सरळ बुडी म्हणतात, त्यामुळे बायका जरा लाजल्या.

समाजमंदिरात सभा भरली. बाईनं भिंतीवर एक चित्र टांगलं. निळं पाणी, घराएवढ्या लाटा, वाकलेली झाडं, आणि एक माणूस लेकरू कडेवर घेऊन पळतोय. त्याच्या पायाखालून एक मोठा लाल बाण निघाला होता. बाणाखाली लिहिलं होतं, 'पाण्यापासून दूर, जमिनीकडे.'

मागून एकानं विचारलं, "हे झाड कोनतं हाये बाई?"

"नारळाचं, काका."

"आमच्या इथी नारळ दुकानातच लागते."

ती हसली. मग तिनं वही उघडली आणि विचारलं, "भरती कधी असते, कोण सांगेल?"

एक म्हातारा लगेच उभा राहिला. "भरती गडचिरोलीले होते. पोलिसाची. आमच्या गावचे चार पोरं पहाटेपासून धावून राह्यले."

बाईनं फॉर्म काढला, वाचला, दारातून नदीकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म वाचला. "म्हणजे," ती म्हणाली, "इथे समुद्र नाही?"

आमचा उपसरपंच माझ्या पुतण्याच्या वयाचा. गावाची लाज राखणं हे त्याला आपलं काम वाटतं. तो म्हणाला, "नाई बाई. पन नदी मोठी हाये. कमी पडनार नाई."

बाई बाहेर जाऊन फोनवर बोलली. आमच्याकडे फोन लागायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, तीही चढली. खाली उतरली तेव्हा हाताला गंज लागलेला होता. ती म्हणाली, "कागदावर काही बदल होणार नाही म्हणतात. पण पाणी ते पाणीच. आपण करूया." दुसरी कोणी असती तर गाडी वळवून गेली असती. ही राहिली, म्हणून मी तिला मूर्ख म्हणत नाही.

आता मी या सभेला का गेले ते सांगते. मला शिकायची हौस नाही. चौथीनंतर मी शाळेकडे वळून पाहिलं नाही. मी गेले ते माझ्या थोरल्या जावेमुळे.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघींचे नवरे गेले. तिचा लेक घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातो, सणाला येतो. माझ्या मुली आपापल्या घरी. दोन वर्षांपूर्वी जाऊ अंगणात पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून ती बाजेवर आहे. अंगानं आधीच भक्कम होती, बसून आणखी झाली. तोंड मात्र जाग्यावर. दिवसातून तंबाखू-सुपारीचे दोन खर्रे खाते आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून त्याचं चुकलेलं सांगते.

ती बाजेवर पडण्याआधीच्या पुरात आम्ही दोघी छातीएवढ्या पाण्यातून चालत निघालो होतो, तिच्या दोन बकऱ्या ओढत. आता ती चालत निघणार नव्हती. पाणी आलं तर हिला कोण उचलणार आणि कुठं नेणार, एवढंच मला त्या सभेत विचारायचं होतं. बाकी हवामान बदलतंय, पाऊस एकदाच कोसळतोय, हे बाईनं सांगितलं ते खरं असेल. मला माझ्या जावेचं पडलं होतं. ती गेली असती तर भांडायला दुसरं माणूस मी या वयात कुठून आणलं असतं?

दुसऱ्या दिवशी बाईनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला. बायकांनी रांगोळीनं काढला, छान झाला. एका बाजूला नदी. नदीच्या काठाला उंच थडी, तिच्यावर आमच्या देवीचा ओटा. मध्ये गाव. गावाच्या मागे नाला, नाल्यावर बुटका पूल, त्याला आम्ही रपटा म्हणतो. रपट्यापलीकडे शाळा. शाळा पक्की, स्लॅबची. बाईनं लाल बाण काढला, नदीकडून थेट शाळेकडे. अगदी चित्रातल्यासारखा.

मी उठले. "बाई, हा बाण चुकला."

"कसा काय आजी? नदी इकडे आहे. पाणी नदीतून येणार. आपण नदीपासून लांब जायचं."

"पानी नदीतून येत नाई. नाल्यातून येते."

"पण नाल्याचं पाणी तर नदीत जातं ना?"

"जाते. पन नदी फुगली का ते घेत नाई. मंग नाल्यावर दाब येते. नाला उलटा फिरते. पयले रपटा बुडते, मंग शाळा, मंग आमी."

बाईचा चेहरा एकदम उजळला. "दाब! तुम्हाला दाब माहीत आहे?"

"दाब कोनाले माहीत नाई?" मी म्हटलं.

"छान! मग कमी दाबाचा पट्टा म्हणजे काय, कोण सांगेल?"

उपसरपंचानं हात वर केला. "कमी दाब म्हनजे बरं. दाब कमी असला का नाल्याचं पानी गुपचूप उतरते."

"नाही नाही. कमी दाब म्हणजे धोका. कमी दाब झाला की मोठा पाऊस येतो."

"कमी असला तं धोका काऊन राहीन बाई? जास्त असला तं धोका."

"उलट. दाब जास्त असला की आकाश मोकळं असतं. काहीच भीती नसते."

सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. मागच्या दाबात जो म्हातारा दिवसभर आंब्यावर बसून होता, तो म्हणाला, "मोकळं आकाश तं मी झाडावरून पाह्यलो. खालतं पाहाची हिंमत नाई झाली."

ती हवेचा दाब म्हणत होती. आम्ही नाल्याचा म्हणत होतो. हे आज मला सांगता येतं. त्या दिवशी तिथं बसलेल्या पन्नास माणसांपैकी एकालाही कळलं नाही, आणि शिकलेल्या एका बाईलाही नाही. तिनं वहीत लिहिलं, 'ग्रामस्थांना दाबाची चांगली माहिती आहे.' आम्हाला वाटलं, पोरगी गोड आहे, पण पाण्यातलं हिला काही समजत नाही.

मी बाणाबद्दल आणखी एकदा बोलले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा उपसरपंच म्हणाला, "काकू, बसा न आता. आलूबोंडे थंडे होऊन राह्यले." आणि बाण म्हणे बदलताही येणार नव्हता. सकाळीच पेंटर आला होता, आणि त्यानं समाजमंदिराच्या भिंतीवर तो पुरुषभर उंच काढून ठेवला होता, रंग वाळलासुद्धा होता. मी बसले आणि दोन आलूबोंडे खाल्ले. तिथं माझं चुकलं.

मग समिती झाली. माझा आवाज मोठा म्हणून मला इशारा देणाऱ्या गटात घेतलं आणि गळ्यात शिटी अडकवली. मी फुंकली. समोरचे चार दात नसल्यामुळे नुसती हवा निघाली. बाई म्हणाली, "सरावाने जमेल आजी." दात सरावानं येत नाहीत.

नारिंगी रंगाची तरंगणारी जाकिटंही वाटली. गावात ज्यांना पोहता येत नाही अशी माणसं दोन, एक पंचायतीचा शिपाई आणि एक नवीन सून. जाकिटं मिळाली बाकीच्यांना. पुढे त्यातलं एक मी धानाच्या बांधीत काठीवर घातलेलं पाहिलं. पाखरं खरोखरच येत नव्हती.

रविवारी पळायची तालीम ठरली. तालमीला चालता न येणारं एक माणूस हवं होतं. माझी जाऊ आधी नाही म्हणाली. फोटो निघणार हे कळल्यावर लुगडं बदलून तयार होऊन बसली.

चार जणांनी बाज उचलली. उपसरपंच पुढे.

"थांबा बे!" जाऊ ओरडली. "पाय पुढं कोनाचे नेते? मी जित्ती हाये. मुंडकं पुढं करा."

बाज फिरवायला गेले तर ती दोन घरांच्या मध्ये आडवी अडकली. तिकडून एक बैल येत होता, तो थांबला. बाई हातात घड्याळ घेऊन उभी. जाऊ बाजेवरून बैलाच्या मालकाला सांगत होती की बैल वाळला आहे, त्याला सरकीची ढेप चार.

"मोठीमाय," बाजेचा मागचा पाय धरलेला गडी धापा टाकत म्हणाला, "तुहं वजन काय हाये वो?"

"माहा लेक असता तं मले एकट्यानं नेला असता."

"म्हनूनच तं तो घुग्घुसले पयाला."

हसण्यात एकाचा हात सुटला आणि बाज एका बाजूला कलंडली. जाऊ पडली नाही, पण त्या चौघांच्या चार पिढ्यांचं तिनं जे सांगितलं ते ऐकून बाईनं वहीत लिहायचं थांबवलं. रपट्यावरून, कोरड्या नाल्यावरून, वाजतगाजत आम्ही शाळेत पोचलो. शाळेला कुलूप. रविवार होता आणि किल्ली गुरुजींकडे, गुरुजी नागभीडला. बाज व्हरांड्यात ठेवली. बाईनं लिहिलं, 'सुरक्षित स्थळी पोहोचले.' फोटो निघाला. जाऊ त्यात राणीसारखी दिसते, बाकी सगळे मेल्यासारखे.

मला मात्र त्या दिवसापासून झोपेत बाण दिसायचा. आता तालीमही झाली होती. आता पाणी आलं असतं तर सगळं गाव डोळे मिटून त्या बाणानं गेलं असतं, माझ्या जावेला घेऊन, सरळ नाल्यात.

धानाची रोवणी आटोपली आणि पाऊस लागला. तीन दिवस थांबला नाही. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची दवंडी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी उपसरपंच टाकीवर चढला तेव्हा त्याच्या फोनवर संस्थेचा निरोप आला. खाली येऊन पानठेल्यावर उभं राहून त्यानं तो मोठ्यानं वाचला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं.

"कमी दाब हाये!" तो म्हणाला.

"किती कमी?"

"ते नाई लिहलं. पन कमीच हाये."

"मंग सतर्क काऊन राहाचं?"

"ते तं सरकारी बोलनं हाये. प्रत्येकच निरोपात राह्यते."

लोक निवांत घरी गेले. जे सामान बांधत होते त्यांनी ते परत सोडलं. माझी जाऊ बाजेवरून म्हणाली, "दाब कमी हाये म्हनते वो. झिंगे भूंज आज. पानी पडून राह्यलं, जिभीले काई लागत नाई."

झिंगे मी भाजणार होते. पण निरोप बंगालमधून आला होता आणि नाला माझ्या घरामागे होता. मी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली आणि पाहायला गेले.

नाला भरला होता, पण काठाखाली होता. मोठा आवाज नव्हता. तीच वाईट खूण असते. वाहणारा नाला आवाज करतो. हा गप्प होता. मी थांबून पाहत राहिले. आदल्या आठवड्यात कोणाकडे तरी तेरवी झाली होती, त्यांच्या पळसाच्या पत्रावळी खाली, नाला नदीला मिळतो तिथं टाकल्या होत्या. त्यातली एक पाण्यावर तरंगत होती. ती नदीकडे जात नव्हती. नदीकडून गावाकडे येत होती. काही घाई नव्हती तिला. माझ्यासमोरून हळू हळू गेली आणि रपट्याकडे निघाली.

मी पळत परत आले. या वयात माझ्या पळण्याला दुसरं कोणी पळणं म्हणणार नाही, पण मी पळत होते.

"बाई, उठा," मी जावेला म्हटलं. पन्नास वर्षं मी तिला 'तुम्ही' म्हणत आले आहे, भांडतानासुद्धा. "निघा लागते."

"कुठी?"

"देवीच्या थडीवर."

"नदीकडं?" ती ओरडली. "माय वो! पुरात मले नदीत टाकाले निघाली! बानाची दिशा शाळेकडं हाये. माहा फोटो निघाला तिथी."

"नाला उलटा फिरला, बाई. मी पाहून आली."

ती ढिवराची लेक, ढिवराची सून. हे वाक्य तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"फोनवाल्यानं तं दाब कमी सांगला," ती म्हणाली.

"फोनवाला नाल्यावर आला होता काय?"

"मंग तोंड कायले पाह्यतेस माहं? मानसं आन!"

मी शिटी फुंकली. हवा निघाली. मग ताट घेतलं आणि पळीनं बडवत गल्लीतून निघाले, "दाब आला, दाब आला" ओरडत. लोक दारात येऊन म्हणायचे, "कमी आला का जास्त?" मी म्हटलं, "उलटा आला." तेव्हा ते हलले.

हलले ते बाणाच्या दिशेनं. समितीनं ठरवून दिलं होतं, पाणी आलं की शाळा. मी रपट्यापाशी पोचले तर उपसरपंच आणि पाचसहा गडी तिथं उभे. रपट्यावरून घोटाभर पाणी चाललं होतं, तेही उलटं. पलीकडे शाळेच्या आवारात पाणी चमकत होतं.

"आता काय पाह्यता?" मी म्हटलं.

"प्लॅन शाळेचा हाये काकू," उपसरपंच म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "कागदावर सही हाये माही."

"तुही सही पोहते काय?"

"पन नदीकडं कसं जाचं? पुरात नदीकडं पयाले का लोक? लोक काय म्हनतीन?"

"जित्ते राह्यले तं म्हनतीन न."

नदीकाठची थडी गावापेक्षा दोन पुरुष उंच आहे. नदीनंच वर्षानुवर्षं माती आणून तिथं टाकली. आमच्या म्हाताऱ्यांनी देवी तिथं बसवली ती काही नजारा पाहायला नाही. उपसरपंचाला हे लहानपणापासून माहीत होतं. पण भिंतीवर पुरुषभर उंच लाल बाण काढला की माणूस स्वतःचं गाव विसरतो. त्यानं एकदा शाळेकडे पाहिलं, मग वळला आणि माझ्याआधी गावात पोचला. त्याचं नाव मी सांगत नाही, पण त्या दिवशी त्यानं घरोघरी जाऊन लोक बाहेर काढले. हेही लिहायला हवं.

चौघांनी जावेची बाज उचलली. अंगणातून निघाले तेव्हा मागच्या वाडीत पाणी शिरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा आमच्या चपला तरंगत होत्या. चिखलात पाय रुतायचे, दोन पावलं टाकली की बाज खाली. अर्ध्या वाटेवर चौघंही थांबले. पाणी पिंढरीला आलं होतं आणि थडीचा चढ अजून पुढे होता. मला वाटलं, हिला काही हे पोचवत नाहीत.

मला सोडून तुम्ही पुढे जा, असं काही ती म्हणाली नाही. तसं म्हणणाऱ्यांतली ती नाही. ती म्हणाली, "मले इथी सोडलं तं याद राखा. एकेकाचं घर मले माहीत हाये."

मी मागे वळून ओरडले. आणखी दोन गडी डोक्यावरची पोती टाकून आले. सहा जण झाले तेव्हा बाज उचलली गेली. जाऊ वरून सांगत होती, डावीकडे खड्डा आहे, तिकडे काटा आहे, तू कुठं पाहतोस. खरं सांगायचं तर तिनं सांगितलेला एकही खड्डा चुकीचा नव्हता. पन्नास वर्षं ती त्या वाटेनं पाटीभर मासे घेऊन गेली होती. चढावर सहाच्या सहा जण गुडघ्यावर आले, गुडघ्यांनी सरकत चढले आणि बाज देवीच्या ओट्याला नेऊन टेकवली.

"मुंडकं पुढंच होतं न?" तिनं विचारलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तोवर सगळं गाव थडीवर होतं, बकऱ्या, कोंबड्या, दोन मोटारसायकली आणि एक फ्रीज. फ्रीज कोणी आणि का आणला ते कोणी सांगितलं नाही. ओट्यावर एकच छप्पर, त्याखाली माझी जाऊ. एक बाजू नदी, दुसऱ्या बाजूला गाव पाण्यात, आणि मध्ये ती सगळ्यांना जागा वाटून देत होती. शाळेच्या खिडक्या बुडाल्या होत्या. माणूस एकही गेला नाही. माझ्या घराची मागची भिंत गेली. भिंत मातीची होती, माती पाण्यात जाणारच. मी जावेकडे राहायला गेले. अजून तिथंच आहे. चुली दोन आहेत.

महिन्याभरानं संस्थेची तीच बाई परत आली. आमच्या गावची गोष्ट तिला लिहून न्यायची होती. ती बाजेशेजारी बसली आणि जावेला म्हणाली, "आजी, कमी दाबाचा इशारा मिळाल्यावर तुम्ही सर्वात आधी काय केलं?"

"झिंगे भूंजाले लावले."

"म्हणजे?"

"दाब कमी हाये म्हनलं न तुमी. मंग भेव कायचं?"

बाई माझ्याकडे वळली. मी तिला नाल्यावर नेलं. पाणी तेव्हा सुलटं वाहत होतं. कुठून येतं, कुठं अडतं, कसं फिरतं, ते काठीनं दाखवलं. ती दगडावर बसली. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आजी, मी हवेचा दाब म्हणत होते."

"हवा कोन मोजते बाई?"

"आम्ही मोजतो," ती म्हणाली, आणि डोकं हातात धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. मी तिला सावरायला गेले नाही, तिला जे कळायचं ते कळत होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो बाण चुकलाय, असं तुम्ही त्या दिवशी तीनदा सांगितलं ना?"

"दोनदा. तिसऱ्यांदा आलूबोंडे आले."

आता निरोप येतो तो वेगळा येतो. 'मोठा पाऊस आहे, नाला बघून या' एवढंच लिहिलेलं असतं. दाबाचं नाव नसतं. भिंतीवरचा बाण पेंटरनं उलटा केला, पण जुना रंग खालून दिसतो, त्यामुळे परक्या माणसाला आमचं गाव दोन्हीकडे पळतं असं वाटतं. नवा प्लॅनही लिहून आला. उपसरपंचानं सही करण्याआधी तो सगळ्यांसमोर वाचला, या वेळी शेवटपर्यंत. त्यात एक ओळ होती, 'बाजेवर असलेल्या जड व्यक्तीसाठी चार नव्हे, सहा माणसे नेमावीत.'

गावात बाजेवर असलेली व्यक्ती एकच आहे. माझी जाऊ आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटतं, ते मीच लिहायला लावलं.

मीच लावलं. ते सहा जण कोण, त्यांची नावंही मीच दिली, आणि त्यातला एक गावाबाहेर गेला की मी त्याच्या जागी दुसरा बघून ठेवते.